भाकरी गोड लागत नाही, मग साखर कुठून येते?

वाचकाचं पत्र

माझे सासरे ६६ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना मामा म्हणतो. कराडजवळच्या गावात आमची थोडी शेती आहे, ऊस असतो. मामांनी तरुणपणी वीस वर्षं गुऱ्हाळ चालवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. तेव्हापासून घरात साखर बंद आहे. चहा गुळाचा, सकाळी कोमट पाण्यात मध, जेवणात ज्वारीची भाकरी. दोन्ही एकादश्या आणि चतुर्थी ते कडक करतात. तरी तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट ८.१ वरून ८.६ झाला. डॉक्टर म्हणाले, पथ्य होत नाही. घरी आल्यावर आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, मला बोल लावला, स्वयंपाक मीच करते ना! मुलगी नववीत आहे. ती म्हणाली, भाकरी आणि साबुदाण्यातही साखरच असते. त्यावर मामा चिडले. म्हणाले, "भाकरी कधी गोड लागते का? आणि गूळ म्हणजे साखर होय? मी काढलाय गूळ, मला शिकवू नका." खरं काय आहे? गोळीच्या पाकिटावर मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, व्होग्लिबोज असं लिहिलंय. मागच्या एकादशीला संध्याकाळी त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखरपाणी दिलं, पण बराच वेळ बरं वाटलं नाही.
— एक सून

उत्तर

ताई, नमस्कार.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिली आहे. मी तिथूनच सुरुवात करते, कारण ती पुढच्या एकादशीपर्यंत थांबवण्यासारखी नाही.

आजच मेडिकलमधून ग्लुकोज पावडरचा एक डबा आणा. तो घरात ठेवा, आणि त्यातली थोडी पावडर छोट्या डबीत भरून मामांच्या खिशात किंवा शेतावर जायच्या पिशवीत द्या. त्या संध्याकाळी त्यांच्या रक्तातली साखर बहुधा खाली गेली होती. ग्लिमेपिराइड हे औषध शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं, आणि पोट रिकामं असलं तर साखर फार खाली जाऊ शकते. तुम्ही साखरपाणी दिलंत, म्हणजे योग्य तेच सुचलं तुम्हाला. पण पाकिटावरचं तिसरं नाव, व्होग्लिबोज, तिथे आडवं आलं असण्याची शक्यता आहे. डब्यातल्या साखरेचा प्रत्येक रेणू दोन भागांचा असतो, आणि तो फुटल्याशिवाय आतड्यातून रक्तात जात नाही. तो फोडणाऱ्या एन्झाइमलाच व्होग्लिबोज अडवतं. तेच त्याचं काम, त्यासाठीच डॉक्टरांनी ते दिलं आहे. म्हणजे साखरपाणी पोटात गेलं, पण तिथे नुसतं ताटकळत राहिलं. ग्लुकोज आधीच सुटं असतं, ते फोडावं लागत नाही. म्हणून ही गोळी घेणाऱ्याला थरथर सुटली, घाम फुटला, तर साखर नाही, ग्लुकोज द्यायचं: सपाट तीन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्धा पेला पाण्यात. पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर बघा. आकडा ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या. बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि उपवासाच्या दिवशी गोळी किती, कधी, घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून कागदावर लिहून घ्या. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, आणि "एकादशीचं काय ते देव बघेल" असं मामांना म्हणू देऊ नका.

आता तुमच्या मुलीकडे येते. ती बरोबर आहे. पण मामांचाही राग मला कळतो, कारण आपल्या भाषेनेच त्यांची पंचाईत केली आहे. आपण साखर हा एकच शब्द तीन ठिकाणी वापरतो. डब्यात असते ती साखर, रक्तात वाढते ती साखर, आणि "त्यांना साखर आहे" म्हणतो तेव्हा तो आजार. ऐकणाऱ्याला वाटणारच की डब्यातली उचलून रक्तात जाते, आणि डबा बंद केला की आजार बंद. प्रत्यक्षात डब्यातली साखर म्हणजे सुक्रोज आणि रक्तातली म्हणजे ग्लुकोज. या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

ग्लुकोज ही एक सुटी, एकेरी साखर. सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन, बस. तिच्या दोन बहिणी आहेत, फ्रुक्टोज आणि गॅलॅक्टोज. त्यांच्यातही अणू हेच आणि इतकेच, फक्त मांडणी निराळी. ही मांडणी कुठली कशी हे जर्मनीच्या एमिल फिशर यांनी शोधून काढलं आणि त्यांना १९०२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या ताटातली बहुतेक सगळी कर्बोदकं या तीन बहिणींचीच बनलेली असतात. दोघी हातात हात घालून उभ्या राहिल्या की होते जोडसाखर. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून उसाची साखर, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मिळून दुधातली साखर. आणि हजारो ग्लुकोज एकामागोमाग एक जोडले गेले की होतो स्टार्च, म्हणजे पिष्ट. ज्वारीत, तांदळात, गव्हात, बटाट्यात, साबुदाण्यात जे भरलेलं असतं ते हेच. तिथे फ्रुक्टोजही नाही, नुसत्या ग्लुकोजच्या कड्यांची साखळी.

मग भाकरी गोड का लागत नाही? साखळी इतकी लांब आहे की जिभेवरच्या गोडाच्या जागेत ती बसतच नाही. जिभेला सुटी किंवा जोडसाखर कळते, हजार कड्यांची साखळी कळत नाही. मामांना हे मुलीने पुस्तकातून वाचून दाखवू नये. त्यांना सांगा, "मामा, एक घास नुसता खाऊन बघा." भाकरीचा कोरडा तुकडा, भाजी नको, चटणी नको. तोंडात घ्यायचा आणि गिळायचा नाही, दोन मिनिटं चावत राहायचं. हळूहळू एक मंद गोडवा येतो. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, ते तिथल्या तिथे साखळी तोडायला घेतं आणि छोटे छोटे तुकडे सुटे होतात. त्यांची चव जिभेला कळते. पुढचं बरंचसं काम लहान आतड्यात होतं, तिथे आपली जीभ नाही, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही.

गुळाचं मात्र मामांनीच तुम्हाला शिकवायला हवं, कारण त्यांना ते माझ्याहून जास्त माहीत आहे, फक्त दुसऱ्या नावाने. त्यांना विचारा, ऊस तोडून दोन-चार दिवस तसाच पडला आणि मग गाळला तर गूळ कसा होतो? ते सांगतील, बसत नाही, चिकट राहतो, ढेप पाझरते. रसात चुन्याची निवळी का घालायची? तेही सांगतील, नाहीतर गूळ नीट धरत नाही म्हणून. ऊस शिळा झाला की त्यातलं सुक्रोज फुटून सुटं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागतं. रस आंबट असेल तर उकळताना ते आणखी फुटतं. या दोघी सुट्या असल्या की सहज दाणा धरत नाहीत आणि ओल सोडत नाहीत. चुना रसाचा आंबटपणा मारतो म्हणून जोडसाखर टिकते आणि ढेप घट्ट बसते. तुम्ही पाकात लिंबू पिळता ना, साखर पुन्हा बसू नये म्हणून? तीच गोष्ट, उलट्या बाजूने. मामांनी वीस वर्षं काहिलीपुढे उभं राहून एकेरी साखर आणि जोडसाखर यांचा हिशेब सांभाळला आहे. त्यांना अडाणी ठरवून कुणीही काही शिकवायची गरज नाही.

आणि तोच हिशेब सांगतो की गूळ हा बहुतांश सुक्रोजच असतो, थोडं सुटं ग्लुकोज-फ्रुक्टोज आणि थोडे क्षार सोडले तर. आतड्यात पोचल्यावर गुळाची साखर आणि साखरेची साखर यांत काहीही फरक उरत नाही. गुळात लोह असतं हे खरं, पण दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम गुळातून एक मिलिग्रॅमही लोह मिळत नाही. त्याहून जास्त मूठभर हरभऱ्यातून मिळतं. मधाचं तर आणखी पुढचं आहे. फुलांच्या रसातलं सुक्रोज मधमाश्याच आपल्या एन्झाइमने फोडून ठेवतात. मधात साधारण पाचवा भाग पाणी, बाकी बहुतेक सगळं सुटं फ्रुक्टोज आणि सुटं ग्लुकोज. पचवायला काही शिल्लकच नाही. सकाळी रिकाम्या पोटी मधपाणी म्हणजे मधुमेही माणसाने दिवसाची सुरुवातच सुट्या साखरेने करायची. ते बंद करा, ताई. यात मला कसलीही शंका नाही.

कुणी म्हणेल, मध घेतल्यावर मशिनवर आकडा फारसा वाढलेला दिसत नाही. ग्लुकोमीटरची पट्टी ग्लुकोज मोजते, फ्रुक्टोज तिला दिसतच नाही. ते यकृतात जातं, तिथे त्याचं काही ग्लुकोज होतं आणि गरजेपेक्षा जास्त असलं तर चरबी. दिसलं नाही म्हणजे गेलं नाही असं नव्हे.

आता खरा घोळ कुठे आहे ते बघू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. साखर व्यवस्थित असताना, म्हणजे १०० च्या आसपास असताना, त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज किती असतं? पाच ग्रॅम. एक चहाचा चमचा. मी विद्यार्थ्यांना हे सांगायचे तेव्हा दर वर्षी कुणीतरी पुन्हा गुणाकार करून बघायचं. आता एकादशीची खिचडी घ्या. एका माणसाच्या ताटलीत कोरडा साबुदाणा साठ ग्रॅम तरी असतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तमिळनाडूत सेलमकडे टॅपिओकाचा कंद किसून, धुऊन, त्यातलं पिष्ट खाली बसवतात आणि त्याचेच मोती करून भाजतात. कंदातला चोथा आणि जी काही थोडी प्रथिनं असतात ती त्या धुण्यातच निघून जातात. साठ ग्रॅममध्ये पिष्ट सुमारे ५२ ग्रॅम. आणि साखळीची प्रत्येक कडी सुटताना एकेक पाण्याचा रेणू तिला येऊन मिळतो, त्यामुळे वजन वाढतं. ९० ग्रॅम पिष्टाचं १०० ग्रॅम ग्लुकोज होतं. म्हणजे एका ताटलीतून ५८ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज, साडेअकरा चमचे. बटाटा मी धरलेलाच नाही. जिथे एका चमच्याची जागा आहे तिथे साडेअकरा चमचे काही तासांत येऊन दार ठोठावणार. तुम्ही दिवसभराच्या तीन चहांतून साखरेचे सहा चमचे काढलेत, आणि त्यातही निम्मंच ग्लुकोज होतं.

निरोगी माणसाचं इन्सुलिन ही गर्दी स्नायूंत आणि यकृतात वाटून देतं. मामांचं ते काम नीट होत नाही, म्हणून ग्लुकोज रक्तातच रेंगाळतं आणि तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहतं. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून त्या चिकटण्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तुमचा ८.६ हा आकडा तोच. एक दिवस कडक पथ्य केलं, एक दिवस सणाचं खाल्लं, याने तो फारसा हलत नाही. रोजचं ताट त्यात उतरतं.

मग भाकरी बंद? नाही. ज्वारीच्या पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे ३४ ग्रॅम कर्बोदकं असतात, पण तिच्यासोबत पाच ग्रॅम चोथाही असतो. पांढऱ्या तांदळात तो फार कमी. आणि हा चोथा म्हणजे काय ते ऐका, मला ही गोष्ट अजूनही थक्क करते. ज्वारीचा दाणा ग्लुकोजचा आणि ज्वारीचा कडबाही बराचसा ग्लुकोजचाच! दाण्यातल्या पिष्टात कड्या एका बाजूने जोडलेल्या आहेत, कडब्यातल्या सेल्युलोजमध्ये त्या उलट्यासुलट्या जोडलेल्या. तेवढ्या एका जोडाच्या फरकाने बैल कडबा खाऊन नांगर ओढतो आणि आपण तो पचवू शकत नाही. बैलाच्या पोटात तो जोड तोडणारे सूक्ष्म जीव असतात, आपल्याकडे तसं एन्झाइम नाही. पण न पचणारा चोथा आपल्या कामाचा आहे. तो पिष्टाभोवती अडचण करून ठेवतो, एन्झाइमला पोचायला वेळ लावतो, आणि ग्लुकोज एका दमात न येता सावकाश येतं. गर्दी तीच, पण रांगेत.

तुमच्या स्वयंपाकघराचा सारा सल्ला यातच आहे. ताटातून एक भाकरी कमी करा, भाताची मूद लहान करा, आणि ती जागा मोकळी ठेवू नका, नाहीतर मामा संध्याकाळी फरसाण शोधतील. मटकीची उसळ, पिठलं, पालेभाजी, ताक वाढवा. जेवायला बसल्यावर आधी काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी. आधी प्रथिनं आणि चोथा पोटात गेला की मागून येणारं पिष्ट हळू सरकतं. जेवणानंतर पंधरा मिनिटं शतपावली. चालणारा स्नायू रक्तातलं ग्लुकोज स्वतः ओढून घेतो, त्यासाठी इन्सुलिनची फारशी वाट बघत नाही. मामांना गोठ्यापर्यंत दोन फेऱ्या मारायला सांगा, "व्यायाम" म्हणू नका.

एकादशी सोडायला मी सांगणार नाही. ज्या माणसाने आयुष्यभर केली त्याच्याकडून ती काढून घेणं बरं नाही. पण "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही. खिचडी वाटीभर, तीही एकाच वेळी, आणि सोबत शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी. बटाटा, रताळं, वरी हे सगळं त्याच साखळीचं आहे. एका जेवणात यातलं एकच. उपाशीही ठेवायचं नाही, ते का ते वर सांगितलंच आहे.

दुकानातून मधुमेहींसाठी म्हणून बिस्किटं आणत असाल तर पाकिटाची मागची बाजू वाचायला मुलीला सांगा. साखर घातलेली नाही असं लिहिलेलं असतं ते खरंही असेल, पण मैदा आहे ना, तो पिष्टच. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजचंच दुसरं नाव. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे तोडलेली, जवळजवळ सुटी झालेली साखळी. लिक्विड ग्लुकोज हे तर नावातच उघड आहे, आणि इन्व्हर्ट सिरप म्हणजे फोडून सुटी केलेली साखर.

आता आत्यांचं. तुमच्या स्वयंपाकामुळे आकडा वाढला असं मी कुठल्याही बाजूने म्हणू शकत नाही. तुम्हाला जे सांगितलं गेलं, साखर बंद करा, ते तुम्ही दोन वर्षं इमानाने केलंत. सांगणाऱ्यांनी सांगायचं अर्धवट ठेवलं. मधुमेह हळूहळू पुढेही जातो, गोळीचं प्रमाण कमी पडू लागतं, तेही एक कारण असू शकतं आणि ते डॉक्टरांनीच बघायचं. पुढच्या वेळी दवाखान्यात एकट्या जाऊ नका, यजमानांनी आणि आत्यांनीही बरोबर यावं, म्हणजे जे सांगितलं जाईल ते सगळ्यांच्या कानावर एकदमच पडेल.

जाण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. मामांनी काय आणि किती खाल्लं, आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी मशिनवर आकडा किती आला, एवढंच. मुलीला लिहू द्या. भाकरीचा दिवस, भाताचा दिवस, खिचडीचा दिवस, सगळं मामांच्या समोर त्यांच्याच रक्तातून कागदावर येईल, आणि वाद तुमच्याशी उरणार नाही. ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळ्या बदलायच्या की नाहीत हे ठरवायला त्यांनाही ती लागेल. एकादशीच्या थरथरीची हकीकत तिच्या पहिल्याच पानावर, तारखेसकट लिहा.